रिहर्सलचे पैसे कुणी देत नाही

मी स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो अशा चौघांच्या गटात, व्हायोला (व्हायोलिनहून जरा मोठं, खालच्या सुरांचं वाद्य) वाजवते असं सांगितलं की आपल्याकडच्या माणसांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, त्यावर पोट भरतं का. सरळ उत्तर देते, नुसत्या कॉन्सर्टवर नाही भरत. माझं तरी नाही, आणि ज्यांचं भरतं ती जगभर फिरणारी मोजकी नावं आहेत, आणि त्यातलीही जवळजवळ सगळी कुठे ना कुठे शिकवतातच. हल्ली पुण्या-मुंबईतून आणि गोव्यातून वाजवणारी मुलं इकडे जर्मनीत यायचं म्हणून विचारत असतात, त्यांना तुकड्या-तुकड्यात सांगण्यापेक्षा माझं कसं जमत गेलं ते एकदा सगळं लिहून काढते.

आधी हिशोब सांगते म्हणजे पुढचं कळेल. समजा जर्मनीतल्या एखाद्या छोट्या गावाच्या संगीत मंडळाने बोलावलं आणि क्वार्टेटला मिळून 2000 युरो दिले. चौघांत वाटले की पाचशे. त्यातून रेल्वेचं तिकीट, कधी एका रात्रीचं हॉटेल, मध्ये एजंट असेल तर त्याचं कमिशन, वर टॅक्स. ऐकायला एका संध्याकाळचे पैसे म्हणून बरे वाटतात पण ती एक संध्याकाळ नसतेच, हायडन, बार्टोक आणि ब्राह्म्स या संगीतकारांची एकेक रचना असा प्रोग्रॅम स्टेजवर न्यायच्या लायकीचा व्हायला कित्येक आठवडे रोज तीन-चार तास चौघांनी एका खोलीत बसावं लागतं आणि त्या तासांचे पैसे कुणीच देत नाही, ना मंडळ ना श्रोते ना सरकार. मग ते तास आणायचे कुठून? माझ्या बाबतीत ते तास शिकवण्यातून विकत घेतलेत. माझ्या सगळ्या करिअरचं गणित या एका वाक्यात आहे.

माझ्या घरी गाणं होतं. आत्या पुण्यात गाण्याचे क्लास घ्यायची, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना मुली बसवायची आणि स्वतःही गायची, त्यामुळे गाणारा माणूस शिकवतोही यात मला कधी काही कमीपणाचं वाटलंच नाही. व्हायोलिन मात्र मी वेस्टर्न शिकले, मूळचे गोव्याचे असलेल्या सरांकडे. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना नोटेशन आणि व्हायोलिन शिकवायची जुनी परंपरा आहे, पुढे मुंबईच्या फिल्मी ऑर्केस्ट्रांमधे जे गोवेकर वादक बसले ते त्यातूनच आलेले, आणि सर त्याच मुशीतले. एबीआरएसएम या लंडनच्या बोर्डाच्या ग्रेड परीक्षा देत देत आठव्या ग्रेडपर्यंत पोचले, मधेच एका कॅम्पमधे व्हायोला वाजवायला कुणी नव्हतं म्हणून माझ्या हातात व्हायोला आला आणि परत जाऊच दिला नाही. त्याची ती खालची सी ची तार, काय सांगू!

सर एक नाव फार घ्यायचे, मेहली मेहता. झुबिन मेहतांचे वडील एवढीच ओळख लोकांना असते पण त्यांचं स्वतःचं आयुष्य बघा. जन्म 1908 चा, 1935 मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, मुंबईत क्वार्टेट वाजवलं, मग इंग्लंडमध्ये हॅले ऑर्केस्ट्रात, तिथून अमेरिकेत फिलाडेल्फियाला कर्टिस क्वार्टेटमध्ये, आणि 1964 पासून लॉस एंजेलिसला तरुण मुलांचा ऑर्केस्ट्रा घडवणं आणि विद्यापीठात शिकवणं, ते म्हातारपणापर्यंत. वाजवणं आणि शिकवणं दोन्ही, मुंबईचाच माणूस. इकडे यायच्या आधी मला हे उदाहरण माहीत होतं याचा खूप आधार वाटला.

मी शिकले ते जर्मनीतल्या कोलोनच्या संगीत विद्यापीठात, तिथल्या प्रवेशाचं थोडक्यात सांगते कारण ती माहिती सगळीकडे मिळते. व्हायोलाला हॉफमाइस्टर किंवा श्टामित्झचा डी मेजर कॉन्चेर्टो, बाखच्या चेलो सूट्समधलं काहीतरी, एक एट्यूड (तंत्राच्या सरावाची रचना) आणि एखादी अलीकडच्या काळातली रचना एवढं तयार पाहिजे, शिवाय थिअरीचा पेपर, कानाची परीक्षा आणि पियानो. आपल्याकडची मुलं वाजवण्यात अडत नाहीत, थिअरी आणि जर्मन भाषेत अडतात, तेव्हा त्याची तयारी एक वर्ष आधी सुरू करा. या राज्यात सरकारी संगीत विद्यापीठात ट्यूशन फी नाही, सेमिस्टरची थोडी वर्गणी असते, पण राहण्या-खाण्याचे वर्षभराचे पैसे आधी बँकेत अडकवून दाखवावे लागतात आणि मध्यमवर्गीय घराला ती रक्कम मोठीच असते.

कोलोन निवडण्याचं कारण क्वार्टेट. अमाडेउस क्वार्टेटने इथे कितीतरी वर्षं शिकवलं. त्यातले तिघे व्हिएन्नाहून नाझींपासून पळून आलेले ज्यू मुलगे, इंग्लंडमध्ये परकीय म्हणून नजरकैदेत टाकलेले असताना एकमेकांना भेटले, लंडनचा चेलोवादक चौथा, आणि 1948 च्या जानेवारीत लंडनच्या विगमोर हॉलला पहिला कार्यक्रम. व्हायोलावाले पीटर शिडलॉफ मुळात व्हायोलिनवादक. 1987 मध्ये ते गेले आणि उरलेल्या तिघांनी दुसरा माणूस घेतला नाही, क्वार्टेट तिथेच थांबवलं. शिकवणं मात्र चालू ठेवलं. 1993 पासून कोलोनला अल्बान बेर्ग क्वार्टेट शिकवायला आलं. आणि हे काही एकट्या कोलोनचं नाही, व्हायोलिनवादक योसेफ योआखिमने 1869 मध्ये बर्लिनला संगीताची उच्च शाळा उभारली आणि त्याच वर्षी स्वतःचं क्वार्टेटही, अमेरिकेत तर क्वार्टेटच्या क्वार्टेट विद्यापीठात नोकरीला असतात. म्हणजे शिकवणं ही वाजवणं न जमलेल्यांची सोय असते हा जो समज आहे ना तो या क्षेत्रात तरी पूर्ण चुकीचा आहे, मला तो ऐकला की राग येतो.

आमचं क्वार्टेट मास्टर्सला असताना जुळलं. चेंबर म्युझिक, म्हणजे मोजक्या जणांनी मिळून वाजवायचं संगीत, सगळ्यांना कंपलसरी, त्यामुळे सुरुवातीला कुणीही कुणाबरोबर बसतं, आमचं टिकलं कारण चौघांनाही सावकाश काम करायला आवडायचं. पहिले कित्येक महिने आम्ही सूर लावण्यावर घालवले, आणि इथे आत्याच्या तानपुऱ्याने मला जे दिलं ते कुठल्याच परीक्षेने दिलं नव्हतं. कसं ते सांगते. व्हायोला आणि चेलोची सगळ्यात खालची तार सी, व्हायोलिनची सगळ्यात वरची ई. सी ला सा धरलं तर ई म्हणजे गांधार. आता तारा शुद्ध पंचमाने एकावर एक लावत गेलात, सी-जी-डी-ए-ई, तर वरचा ई जिथे पोचतो तो तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येणारा गांधार नसतोच, त्याच्यापेक्षा साधारण 22 सेंट चढा असतो, सेमीटोनचा पाचवा हिस्सा. चौघांनी आपापल्या तारा अगदी शुद्ध लावल्या आणि मग सी मेजरचा कॉर्ड (सा-ग-प एकत्र) वाजवला की तो बेसूर! मग काय करायचं, तर प्रत्येक पंचम किंचित आवळून घ्यायचा, इतका किंचित की एकट्याला कळणार नाही पण चार पायऱ्यांनी फरक पडतो, आणि शिवाय कुठल्या कॉर्डमधे त्याचा गांधार कुणाकडे आहे ते प्रत्येक वेळी बघून त्याने आपली बोटं सरकवायची. मी पहिल्यांदा म्हटलं की चेलोने सी धरून ठेवायचा आणि त्यातला गांधार ऐकू येईपर्यंत आपण कुणी वाजवायचं नाही, तेव्हा बाकीचे जरा बघत राहिले, मग तो ऐकू आला. आमची सगळी रिहर्सल अजूनही तशीच सुरू होते.

व्हायोला मधे असतो, वर मेलडी खाली बेस, मधला भरणा आपला, त्यामुळे आपल्याला कुणी ऐकत नाही असं बऱ्याच जणांना वाटतं. क्वार्टेटमध्ये तसं नाहीये. चेक संगीतकार द्वोर्झाकच्या ओपस 96 या क्वार्टेटची पहिली धूनच व्हायोलाकडे आहे, आणि तो स्वतः व्हायोलावाला होता, प्रागच्या थिएटरच्या ऑर्केस्ट्रात बसायचा. न्यूयॉर्कला संगीत शाळेचा डायरेक्टर असताना 1893 च्या उन्हाळ्यात आयोवामधल्या स्पिलव्हिल नावाच्या गावी त्याने ते लिहिलं, आणि सुरुवातीची ती धून बघा, भूपाचेच पाच स्वर. आई-बाबांना पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. ब्राह्म्सच्या ओपस 67 या क्वार्टेटमध्ये तिसऱ्या भागात बाकी तिघांना म्यूट (आवाज दबवणारी चिमटी) लावायला सांगितलंय आणि व्हायोला एकटा मोकळा. असे भाग वाजवायला मिळावेत म्हणून माणूस बरंच काही सहन करतो.

डिग्री संपत आली की सगळ्यांसमोर एक फाटा येतो. ऑर्केस्ट्राची ऑडिशन द्यायची का? जर्मनीत सरकारी मदतीवर चालणारे सुमारे 130 ऑर्केस्ट्रा आहेत, जगात इतके दुसरीकडे कुठे नाहीत, पगार नियमित, पेन्शन, सगळं. ऑडिशनला पहिली फेरी बहुतेक ठिकाणी पडद्यामागून, परत तोच हॉफमाइस्टर नाहीतर श्टामित्झ, मग ऑर्केस्ट्रातले अवघड तुकडे, निवड झाली तरी आधी ट्रायलचा काळ आणि शेवटी ऑर्केस्ट्रातले लोकच मत देतात ठेवायचं की नाही. मी त्या वाटेला गेले नाही कारण ऑर्केस्ट्राचं वेळापत्रक आणि क्वार्टेट एकत्र बसवणं फार कठीण, कधी सकाळी रिहर्सल कधी संध्याकाळी शो, दर आठवड्याला वेगळं. आमच्या सेकंड व्हायोलिनने ऑडिशन दिली, सिलेक्ट झाली आणि गेली. तिच्याबद्दल मनात काहीही नाही, घर चालवायचं तर तो निर्णय बरोबरच होता, पण चारातला एक गेला की साडेतीन वर्षांत बसलेला आवाज जातो, पुढच्या माणसाबरोबर नवा तयार करावा लागतो.

मला मिळाले 18 महिने. इथे डिग्री झाली की काम शोधायला एवढा परवाना देतात आणि त्यात कुठलंही काम करता येतं. मी गावच्या म्यूझिकशूलंमध्ये अर्ज केले. म्यूझिकशूलं म्हणजे नगरपालिकेच्या वगैरे संगीत शाळा, देशभर नऊशेच्या वर आहेत, शाळा सुटली की मुलं तिथे येतात, गिटार पियानो ट्रंपेट सगळं, फी आवाक्यातली. हे मला इथलं सगळ्यात आवडलेलं काम आहे, गावातल्या बेकरीवाल्याच्या मुलीलाही व्हायोला भाड्याने मिळतो आणि शिकवायला डिग्रीवाला शिक्षक मिळतो.

तिथल्या इंटरव्ह्यूला आधी स्वतः वाजवायचं आणि मग लेअरप्रोबं, म्हणजे पूर्वी कधी न पाहिलेल्या मुलांना पॅनलसमोर शिकवून दाखवायचं. मला दोन मुलं दिली. पहिला आठ वर्षांचा, त्याच्या हातात छोटं व्हायोलिन आणि त्याला व्हायोलाच्या तारा, कारण एवढ्या लहान मुलांना तेच परवडतं आणि तेच हातात मावतं. दुसरी पंधरा वर्षांची, युगेंड म्यूझित्सिअर्ट नावाची जी मुलांची देशभर स्पर्धा असते तिच्यासाठी टेलेमानचा जी मेजर कॉन्चेर्टो तयार करत होती. प्रत्येकी वीसेक मिनिटं, समोर चार माणसं वहीत लिहितायत. त्या छोट्याचा खांदा बो (गज) ओढताना कानापर्यंत वर जात होता. खांदा खाली ठेव असं मी म्हटलं नाही, ते त्याला आधी पन्नासदा सांगून झालेलं असणार, मी त्याला फक्त मोकळी जी ची तार दिली आणि म्हटलं बो उचललास की आवाज किती वेळ राहतो ते मोजून मला सांग. घट्ट ओढलं की आवाज लगेच मरतो, हात सैल असेल तर राहतो. चार-पाच वेळात खांदा आपोआप खाली. मोठ्या मुलीबरोबर मी तिचा पार्ट सोडून खालचा बेस वाजवला आणि तिला म्हटलं आता तूच ठरव कुठल्या सुरावर टेकायचं, कारण टेलेमान एकट्याने घोटून कळत नाही, खाली काय चाललंय ते ऐकलं की कळतो. मग प्रश्न विचारले, त्यातला एक सगळीकडे विचारतात, मूल घरी प्रॅक्टिसच करत नसेल तर? मी म्हटलं मग क्लासमध्येच प्रॅक्टिस करायची, ती कशी करतात हे त्याला कुणी दाखवलेलंच नसतं. नोकरी मिळाली. नोकरी म्हणजे तेव्हा तरी फ्रीलान्स, पंचेचाळीस मिनिटांचे तीसेक युरो, शिकवलं तर पैसे नाहीतर नाही, आणि वर्षात शाळांना साधारण बारा आठवडे सुट्टी असते तेव्हा शून्य.

आता महत्त्वाची गोष्ट, जी मला कुणीतरी आधी सांगायला हवी होती, केएसके. कलाकारांचा सामाजिक विमा, 1983 पासून चालू आहे. फ्रीलान्सर असलात तर आरोग्य आणि पेन्शनचा पूर्ण हप्ता स्वतः भरावा लागतो आणि तो कंबर मोडतो, केएसकेत नाव असेल तर अर्धाच तुम्ही भरता, उरलेला अर्धा केंद्र सरकार आणि कलाकारांना काम देणाऱ्या संस्थांच्या वर्गणीतून येतो. वर्षाला 3900 युरोच्या वर कमाई दिसली पाहिजे, पहिली तीन वर्षं त्यातही सूट. मी अर्जाला कॉन्सर्टचे छापील प्रोग्रॅम, बिलं, बँकेचे उतारे, म्यूझिकशूलंचं कॉन्ट्रॅक्ट असं जाड पाकीट पाठवलं, बरेच महिने लागले, मधे दोन-तीनदा आणखी कागद मागवले. मला वाटत होतं शिकवण्याची कमाई धरणार नाहीत, पण त्या कायद्याच्या दुसऱ्या कलमातच कलाकार म्हणजे कला निर्माण करणारा, सादर करणारा किंवा शिकवणारा असं तिन्ही एका ओळीत लिहिलंय. ती ओळ मी आईला फोनवर वाचून दाखवली होती.

मग 2022 च्या जून महिन्यात हेरेनबर्गचा निकाल आला. हेरेनबर्ग हे गाव, तिथल्या संगीत शाळेतल्या एका पियानो शिक्षिकेची केस सर्वोच्च सामाजिक न्यायालयापर्यंत गेली, आणि कोर्ट म्हणालं की शाळेच्या खोलीत, शाळेच्या पियानोवर, शाळेने ठरवलेल्या चौकटीत शिकवणारा माणूस फ्रीलान्सर नाही, नोकर आहे, त्याचा विमा शाळेने भरायचा. देशभर खळबळ. काही शाळांनी सगळ्यांना नोकरीत घेतलं, काहींनी पैसे नाहीत म्हणून तास कमी केले. माझ्या शाळेने काही महिने काहीच कळवलं नाही, दर आठवड्याला आम्ही शिक्षक एकमेकांना विचारत होतो तुला काही पत्र आलं का, मग मला अर्ध्याहून कमी वेळेची पक्की नोकरी दिली आणि दोन सहकाऱ्यांना नाही दिली, त्यातल्या एकीने वीस वर्षं तिथे शिकवलं होतं. हे नीट झालं नाही, माझा त्यात फायदा झाला तरी मी तसंच म्हणेन. निकाल मात्र बरोबर होता. सुट्टीत पगार, आजारी पडलं तर पगार, या गोष्टी संगीत शिक्षकाला नको असं कुणी का म्हणावं?

अडचण एकच, नोकरीत ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी असावं लागतं आणि क्वार्टेटला कॉन्सर्ट मिळतो तो कुठल्याही वारी. म्हणून जे कुणी असं कॉन्ट्रॅक्ट करतील त्यांनी आधीच लिहून घ्या की टूर असेल तेव्हा तास पुढे-मागे घेता येतील. मी घेतलं, त्यासाठी भांडावं नाही लागलं पण तीन वेळा बोलावं लागलं. फुलटाइम म्हणजे आठवड्याला पंचेचाळीस मिनिटांचे तीस तास, तेवढे घेतले तर क्वार्टेट संपतं हे मी दोघा-तिघांचं बघितलंय. आमच्यात ठरलेलं आहे, कुणीही बारा तासांच्या वर जायचं नाही.

आणि एक गंमत बघा की दोन्ही कामांच्या वेळा एकमेकांत बरोबर बसतात. मुलं दुपारपर्यंत शाळेत, त्यामुळे शिकवणं दोन ते सात. सकाळ रिकामी. सकाळी चौघं एकत्र, दुपारी ज्याच्या त्याच्या गावच्या शाळेत. वेळेइतकाच दुसराही फायदा झाला जो मला अपेक्षित नव्हता. विद्यार्थी असताना आम्ही रिहर्सलमध्ये असं बोलायचो की हे जरा उबदार कर, हे जास्त गडद हवं, आणि मग प्रत्येकाच्या मनात वेगळंच असायचं, त्यावरून वाद, अर्धा दिवस जायचा. आठ वर्षांच्या मुलाला उबदार म्हणून काही कळत नाही. त्याला सांगावं लागतं की बो ब्रिजपासून लांब ने, वेगाने ओढ, वजन कमी कर. रोज दुपारी असं बोलायची सवय झाली आणि ती सकाळच्या खोलीत आली. आता आमच्यात कुणी गडद म्हटलं की लगेच दुसरा विचारतो बो कुठे ठेवू, बोट किती चपटं ठेवू, व्हिब्राटो किती. भांडणं कमी झाली असं नाही म्हणत, पण आता ती खऱ्या मुद्द्यावर होतात.

सेकंड व्हायोलिनच्या जागी माणूस शोधायला जवळजवळ एक सीझन गेला. वाजवणारे खूप चांगले आले, काहींबरोबर ब्राह्म्स पहिल्या वाचनातच इतका छान झाला की आम्ही तिथेच हो म्हणणार होतो. पण मग कळायचं की त्यांना वर्षाला साठ कॉन्सर्टची खात्री हवी, किंवा ऑर्केस्ट्रात एक्स्ट्रा म्हणून आठवड्याचे चार दिवस जातात, उरलेल्या वेळात क्वार्टेट. तसं नाही चालत. शेवटी जी आली ती शेजारच्या गावात लहान मुलांच्या ग्रुपला व्हायोलिन शिकवते, तिने आमच्याबरोबर हायडनचा एक स्लो मूव्हमेंट वाजवला, डबा उघडून बसली आणि पहिलं काही विचारलं तर हे, की तुमचे शिकवायचे वार कुठले आहेत. आम्ही सांगितले. तिचा मंगळवार आमच्या चेलोच्या मंगळवारावर येत होता, तो तिने शाळेशी बोलून शुक्रवारवर नेला. पुढच्या महिन्यापासून सोमवार, बुधवार आणि गुरुवार सकाळी नऊ ते एक, ओपस 67 पहिल्या पानापासून.